बूस्ट सेन्सर बदलला तरी गाडी घाट चढेना, आता टर्बो बदलायचा का?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. २०१६ची डिझेल गाडी, कोरेगाव ते सातारा रोजची ये-जा, महिन्यातून एकदा पुणे. चेक लाइट लागला, स्कॅनरवर पी०२३६ हा कोड आला, म्हणून गॅरेजमध्ये बूस्ट प्रेशर सेन्सर, म्हणजे टर्बोने इंजिनात कोंबलेल्या हवेचा दाब मोजणारा सेन्सर, बदलला. आठवडाभर लाइट बंद राहिला आणि मग पी०२९९ घेऊन परत आला. आता पुण्याहून येताना खंबाटकी चढायला गाडी दुसऱ्या गिअरवर आणावी लागते. धूर मात्र अजिबात मारत नाही. फिटर म्हणतो टर्बो गेला, बदला. तर टर्बो बदलायचा का?

आत्ता नको. कारण सांगतो. साताऱ्यात मी २६ वर्षं डिझेल गाड्यांचंच काम करतोय आणि माझ्याकडे 'टर्बो गेला' म्हणून आलेल्या कितीतरी गाड्यांचे टर्बो ठणठणीत निघालेत. पी०२३६ चा अर्थ एवढाच, की बूस्ट सेन्सरकडून येणारा आकडा ईसीयूला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला, पटत नाही. पी०२९९ चा अर्थ, मागितलं तेवढं प्रेशर मिळालेलं दिसत नाही. यात 'दिसत नाही' हे महत्त्वाचं. ईसीयूला टर्बो दिसत नसतो. त्याला एका बारीक वायरवरचं व्होल्टेज दिसतं, आणि त्या व्होल्टेजवरून तो टर्बोबद्दल मत बनवतो. वायर, सेन्सर, पाइप यांतलं काहीही चुकलं तरी तो बोट टर्बोकडेच दाखवणार.

म्हणून पहिली तपासणी अशी करा, की जिला पाना लागत नाही आणि पैसेही लागत नाहीत. मोबाइलला ब्लूटूथने जोडायचा छोटा स्कॅनर हल्ली बऱ्याच जणांकडे असतो, नाहीतर गॅरेजमधला वापरा. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावा. रात्रभर उभी असलेली गाडी, सकाळी चावी ऑन करा, पण इंजिन चालू करू नका. लाइव्ह डेटामध्ये मॅनिफोल्ड प्रेशर किंवा बूस्ट प्रेशर या नावाचा आकडा बघा. इंजिन बंद आहे, टर्बो फिरत नाही, म्हणजे पाइपमध्ये आहे ती नुसती बाहेरची हवा. सेन्सरने त्या हवेचाच दाब सांगायला हवा.

आता बाहेरचा दाब किती, तर ते गावाच्या उंचीवर ठरतं. मुंबईत समुद्राकाठी साधारण १०१ किलोपास्कल. सांगली त्याच्या साडेपाचशे मीटर वर, तिथे ९५ च्या आसपास. साताऱ्यात ९३. महाबळेश्वरला वर गेलात की ८६. एखादा आकडा इकडेतिकडे चालतो, पण साताऱ्यात उभ्या गाडीने इंजिन बंद असताना १०१ दाखवलं किंवा ८० दाखवलं, तर तो सेन्सर किंवा त्याची वायरिंग खोटं बोलतेय, हे तिथल्या तिथे कळतं. स्कॅनरमध्ये बॅरोमेट्रिक प्रेशर असा वेगळा आकडा असेल तर आणखी चांगलं. पुष्कळ गाड्यांत ईसीयूच्या डबीच्या आतच बाहेरच्या हवेचा दुसरा सेन्सर असतो. दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवा, इंजिन बंद असताना ते जवळपास सारखे हवेत.

इथे एक खड्डा आहे, चांगले शिकलेले लोकही त्यात पडतात. मोबाइलच्या हवामान ॲपमध्ये साताऱ्याचा दाब बघितला तर तो १००८, १०१० हेक्टोपास्कल असा दिसतो, म्हणजे १०१ किलोपास्कल. मग वाटतं, सेन्सर ९३ दाखवतोय म्हणजे कमी दाखवतोय. तसं नाही. ॲपमधला दाब समुद्रसपाटीला आणून सांगितलेला असतो, म्हणजे गावागावांची तुलना करता यावी. गाडीचा सेन्सर मात्र जिथे उभा आहे तिथला खरा दाब मोजतो. एक इंजिनिअर मुलगा ॲप बघूनच चांगला सेन्सर बदलून बसला होता, नवाही ९३ च दाखवायला लागला तेव्हा माझ्याकडे आला.

तुमची गोष्ट वाचून मला जी गाडी आठवली ती सांगतो, कारण लक्षणं बरीच जुळतात. गेल्या पावसाळ्याच्या आधी वाई भागातली एक गाडी आली. सेन्सर बाहेरून घेऊन बदललेला, दिसायला हुबेहूब, कनेक्टर टकन बसतो, बोल्टचं भोकही जुळतं. पिकअप नाही, धूर नाही, पी०२९९. चावी ऑन केली, स्क्रीनवर आकडा ८०. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई, १६४६ मीटर. त्याच्या माथ्यावरसुद्धा दाब ८३ च्या आसपास असतो. आणि ही गाडी माझ्या दारात उभी राहून सांगतेय की मी कळसूबाईच्याही वर आहे. सेन्सर काढून त्याच्या पाठीवरचा नंबर बघितला तर तो दुसऱ्या रेंजचा निघाला.

हे नीट समजून घ्या, फार उपयोगी आहे. समजा गाडीला मूळचा सेन्सर २० ते २५० किलोपास्कलचा आहे, २० ला ०.४ व्होल्ट आणि २५० ला ४.६५ व्होल्ट देणारा. साताऱ्याच्या ९३ ला त्याच्या सिग्नल वायरवर सुमारे १.७५ व्होल्ट यायला हवेत. त्याच्या जागी २० ते ३०० रेंजचा बसवला, तर तोच ९३ चा दाब तो १.५ व्होल्टने सांगतो. सेन्सर बिघडलेला नाही, तो त्याच्या मापाने बरोबरच बोलतोय. पण ईसीयूच्या वहीत जुनं माप लिहिलेलं आहे, त्याप्रमाणे १.५ व्होल्ट म्हणजे ८० किलोपास्कल. आता घाटात टर्बोने खरोखर २२० चं प्रेशर दिलं तर ईसीयूला ते १८४ वाचून दाखवलं जातं. तो म्हणतो, कमी पडतंय, आणि टर्बोच्या पात्या (ज्यांनी प्रेशर कमी-जास्त होतं त्या) आणखी आवळतो. त्याच वेळी हवा कमी आहे असं समजून डिझेलही आखडतं घेतो. परिणाम तुम्ही अनुभवताय तोच, गाडी ओढत नाही आणि धूरही नाही.

यातली खरी काळजीची गोष्ट पिकअपपेक्षा वेगळी आहे. खोटा कमी आकडा वाचून ईसीयू चांगल्या टर्बोला गरजेपेक्षा जास्त पळवत राहतो. मिनिटाला लाखाच्या वर फेऱ्यांनी फिरणारी वस्तू आहे ती, तिला असं रोज पळवलं की खरंच जाते. आणि त्या दिवशी तुम्ही नवीन टर्बो बसवलात, तरी चुकीचा सेन्सर तसाच राहिला तर नव्याचंही तेच होणार. म्हणून निदान होईपर्यंत घाटात गाडी ताणू नका, शांत चालवा.

धुराबद्दल तुम्ही आपणहून लिहिलंत ते फार बरं केलंत. तुमच्या गाडीला २०२० नंतरच्या गाड्यांसारखा डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) नाही, त्यामुळे सायलेन्सरमधून जे येतं ते खरं दिसतं. टर्बोनंतरचा पाइप फाटला असता तर हवा मोजणाऱ्या सेन्सरने आत शिरलेली सगळी हवा मोजली असती, त्या हिशेबाने डिझेल पडलं असतं, पण हवा वाटेतच गळाल्यामुळे काळा धूर निघाला असता. धूर नाही आणि ताकदही नाही, तेव्हा माझा पहिला संशय आकड्यावर आहे. संशयच म्हणतोय, गाडी न बघता छातीठोक सांगणार नाही.

समजा सकाळी आकडा ९३ आला. मग सेन्सर निर्दोष सुटला का? पूर्ण नाही. उभ्या हवेत बरोबर सांगणारा सेन्सर हलत्या हवेत उशिरा सांगू शकतो. याचं कारण त्याच्या तोंडाशी असतं. ईजीआरमधून, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात फिरवणाऱ्या व्हॉल्व्हमधून, धुराची काजळी इनटेकमध्ये (हवा आत जायच्या वाटेत) येते, क्रँककेसच्या पाइपातून तेलाची वाफ येते, दोन्ही मिळून एक लेप तयार होतो. मी सेन्सर काढतो तेव्हा टोकाला तो लेप दिसतो, काळा, चिकट, चुलीवरच्या तव्याच्या पाठीला बोट लावल्यावर येतो तसा, पण तेलकट. बारीक भोक त्यात बुजून जातं. मग दाब आत पोचतो, पण हळूहळू. ॲक्सिलेटर दाबल्यावर ईसीयूला वाटतं प्रेशर अजून आलं नाही, तो टर्बोला आणखी रेटतो, तेवढ्यात आकडा वर येतो आणि भलताच वर जातो. अशा गाडीत पी०२३४, म्हणजे प्रेशर जास्त झाल्याचा कोड येतो, आणि दोष पात्या अडकल्याचा समजून टर्बो खोलला जातो. ओळखायची खूण सोपी आहे. चालत्या गाडीत ॲक्सिलेटर एकदम सोडा आणि दुसऱ्याला स्क्रीन बघू द्या. चांगल्या सेन्सरचा आकडा झटक्यात खाली येतो. बुजलेल्याचा आकडा पाय सोडल्यावरही रेंगाळत उतरतो.

साफ करायचा तर इलेक्ट्रॉनिक भागांसाठी मिळणारा कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, तोंड खाली धरून, म्हणजे घाण आत न जाता बाहेर ओघळते. दोन-तीनदा मारून आपोआप वाळू द्या. भोकात टाचणी किंवा तार घालू नका, आत नखाएवढाही नसलेला सिलिकॉनचा पातळ पडदा असतो, त्याच्यावरच सगळं मोजमाप चालतं. कॉम्प्रेसरची हवाही मारू नका. बसवताना रबरी ओ-रिंग बघा. फुगलेली, चिरलेली असेल तर बदला, आणि नवीला बोटाने जरासं इंजिन ऑइल लावून बसवा. कोरडी दाबली की कापली जाते आणि तिथूनच हवा सुटते.

आता वायरिंग. आपल्याकडे हे दुखणं हंगामी आहे. ऊस तुटायला लागला की शेतातले उंदीर आसरा शोधतात आणि रात्री गरम बोनेटखाली येऊन बसतात. पावसाळ्यात मेढा, बामणोली, महाबळेश्वरच्या बाजूला फिरणाऱ्या गाड्यांच्या कनेक्टरमध्ये ओल जाऊन पिनांवर हिरवट थर धरतो. आणि तिसरं कारण आपणच, सर्व्हिसिंगला इंजिनवर प्रेशरचं पाणी मारायला सांगतो.

तुमच्या सेन्सरला बहुधा चार वायरी असतील: ५ व्होल्टचा पुरवठा, अर्थ (अर्थिंगची, निगेटिव्हला जाणारी वायर), प्रेशरचा सिग्नल आणि हवेच्या तापमानाचा सिग्नल. कनेक्टर काढून चावी ऑन करून पुरवठा मोजा, ५ व्होल्टच्या अगदी जवळ हवा. तो कमी असेल तर लगेच वायर तुटली असं समजू नका, पुष्कळ गाड्यांत हीच ५ व्होल्टची लाइन दुसऱ्या सेन्सरलाही जाते, त्यातला एक शॉर्ट झाला की सगळ्यांना त्रास होतो. दुसऱ्या सेन्सरचे कनेक्टर एकेक काढत जा, ज्याचा काढल्यावर ५ व्होल्ट परत आले तो दोषी.

अर्थ तपासायचा राहून जातो, म्हणून त्यावर थोडा थांबतो. कनेक्टर लावलेला असताना मागून बारीक पिन घालून सेन्सरची अर्थ वायर आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांच्यामध्ये व्होल्टेज बघा. ५० मिलिव्होल्टच्या आत हवं. तिथे गंजामुळे ०.२ व्होल्ट अडकत असले, तर वर सांगितलेल्या सेन्सरचा आकडा सुमारे ७ किलोपास्कलने जास्त दिसायला लागतो. साताऱ्यातली गाडी १०० दाखवते, माणूस सेन्सर बदलतो, नवाही १०० दाखवतो. दोन सेन्सर एकच चूक सांगतात तेव्हा सेन्सरचा नाद सोडून अर्थ बघा.

तापमानाची चौथी वायर आयती मदत करते. स्कॅनरवर हवेचं तापमान उणे ४० दिसलं तर कनेक्टर नीट बसलेला नाही किंवा वायर तुटलीय. सकाळी साधं २५ दिसतंय तर निदान तेवढी वायर आणि तिचा अर्थ शाबूत आहे. आणखी एक, सेन्सरचा कनेक्टर काढल्यावर कोड बदलून पी०२३७ किंवा पी०२३८ झाला पाहिजे. मुळीच बदलला नाही तर सिग्नलची वायर मध्येच कुठेतरी गेलीय, ईसीयूला सेन्सर काढल्याचंही कळत नाहीये.

हे सगळं बरोबर निघालं, मगच खऱ्या गळतीकडे वळा. इंटरकुलरच्या (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) पाइपांवरून हात फिरवा, विशेषतः खालच्या बाजूने, जिथे डोळा पोचत नाही. आत थोडं तेल असणं चालतं. पण क्लिपच्या जोडावर बाहेरून तेलाचा ओला डाग आणि त्यावर धूळ चिकटलेली दिसली, तर हवा तिथूनच बाहेर पडतेय. रबर हाताने वाकवून बघा, कित्येक चिरा गाडी उभी असताना मिटलेल्या असतात आणि प्रेशर आलं की उघडतात. आमच्या गॅरेजमध्ये धुराचं मशीन येण्याआधी आम्ही टर्बोच्या तोंडाला बूच मारून अर्धा बार हवा भरायचो आणि प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावायचो. बुडबुडा जिथे फुगेल तिथे गळती. ही रीत आजही तितकीच चालते, फक्त एक बारच्या वर हवा भरू नका, सील सुटतात.

टर्बोच्या पात्या व्हॅक्यूमवर चालत असतील तर बारीक व्हॅक्यूम पाइप टोकाला कडक होऊन चिरलेला असतो. हातपंपाने ॲक्च्युएटरला (पात्या हलवणाऱ्या डबीला) व्हॅक्यूम द्या, रॉड न अडखळता पूर्ण सरकला पाहिजे आणि तिथेच थांबला पाहिजे. हळूहळू परत आला तर पडदा फाटलाय.

शेवटची चाचणी रस्त्यावर. मी गाडी पहाटे यवतेश्वरच्या चढाला नेतो, वाहतूक नसताना. एकाने चालवायची, दुसऱ्याने स्क्रीन बघायची, एकट्याने हे करू नये. तिसरा गिअर, १५०० फेऱ्यांपासून पूर्ण ॲक्सिलेटर. चार आकडे एकत्र रेकॉर्ड करतो: मागितलेलं प्रेशर, मिळालेलं प्रेशर, आत आलेली हवा आणि ॲक्च्युएटरला दिलेला हुकूम टक्क्यांत. बहुतेक डिझेल गाड्या अशा वेळी २०० ते २४० पर्यंत जातात. हा बाहेरच्या हवेसकट धरलेला दाब आहे. नुसतं बूस्ट मोजणाऱ्या काट्यावर तोच एक ते दीड बारच्या दरम्यान दिसतो, यात गल्लत करू नका. मिळालेलं प्रेशर कमी, हुकूम टोकाला, पण हवा भरपूर मोजली जातेय, तर टर्बोनंतर गळती. प्रेशरही कमी आणि हवाही कमी, तर एअर फिल्टर, ॲक्च्युएटर किंवा टर्बो. प्रेशर कमी दिसतंय, धूर नाही, टर्बोची शिट्टी मात्र नेहमीपेक्षा चढी ऐकू येतेय, तर परत सेन्सरच्या आकड्यावर या.

टर्बो खरोखर गेल्याची लक्षणं वेगळी असतात: निळसर धूर, ऑइल कमी होणं, सायरनसारखा आवाज, आणि पाइप काढून बघितलं तर पंख्याच्या कडा झिजलेल्या किंवा घराला घासलेल्या. यातलं काहीच तुम्ही लिहिलेलं नाही. पेट्रोल टर्बोवाल्यांनी एवढंच लक्षात ठेवावं, की तुमच्याकडे इंजिन आयडलला असताना आकडा ३० ते ४० पर्यंत खाली जातो. तो दोष नाही, थ्रॉटल बंद असल्यामुळे तसा येतो. डिझेलमध्ये तो बाहेरच्या दाबाच्या आसपासच राहतो.

तर ताई, उद्या सकाळी चावी ऑन करून आकडा बघा आणि इथे लिहा. कोरेगावला बघितलात तर ९३-९४ धरून चाला. दुसरं, गॅरेजमध्ये तुमचा जुना सेन्सर अजून पडला असेल तर तो मागून घ्या. दोन्हींच्या पाठीवरचे नंबर एकाखाली एक ठेवून मोबाइलने फोटो काढा. नंबर वेगळे असतील तर जुना क्लीनरने धुऊन, वाळवून, नवी ओ-रिंग लावून परत बसवा, कोड काढून टाका आणि आकडा पुन्हा बघा. जुन्यावर ९३ आला आणि ॲक्सिलेटर सोडल्यावर तो झटक्यात उतरला, तर त्याच सेन्सरवर एकदा खंबाटकी चढून या आणि मला सांगा, गिअर कितवा लागला.